मावळत्या तेजाचा मागोवा

आकाशांतील स्फोटांचा इतिहास सांगतांना सांगणाराचें लक्ष साहजिकच पहिल्या भडक्याकडे जातें. भडका मोठा असतो, त्याची वेळ नक्की सांगतां येते, आणि त्याच्या शोधाचें श्रेय कोणाला तरी देतां येतें. भडका विझल्यावर जें मंद तेज मागें रेंगाळतें त्याचा इतिहास मात्र कंटाळवाणा समजला जातो; कारण त्यांत एकच वस्तु पुनःपुनः पाहावयाची असते आणि प्रत्येक वेळीं ती थोडी अधिक अंधुक झालेली असते. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं पृथ्वीवर कळून आलेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची कथा या समजुतीस मोठा अपवाद आहे. त्या दिवशींचा भडका दोन सेकंदांत संपला. त्याचा अर्थ काय याचा निकाल लागावयास पुढें एक वर्ष लागलें, आणि तो निकाल दिला तो मागें राहिलेल्या निखाऱ्यानें.

न्यूट्रॉन तारा म्हणजे काय हें प्रथम थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. १९३२ सालीं चॅडविकनें न्यूट्रॉन हा कण शोधून काढला, आणि १९३४ मध्यें वाल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी या दोघांनीं असें सुचविलें कीं, मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाला म्हणजे त्याचा गाभा आंत कोसळून केवळ न्यूट्रॉनांचा एक गोळा उरत असावा. पुढें तेहतीस वर्षें ही कल्पना कागदावरच होती. १९६७ सालीं केंब्रिज येथें जोसेलिन बेल या विद्यार्थिनीस नियमित ठोके देणारी एक रेडिओ-वस्तु आकाशांत सांपडली, तेव्हां त्या कल्पनेला देह लाभला. वस्तुमान सूर्याहून अधिक, आणि व्यास मात्र मुंबईंत कुलाब्यापासून अंधेरीपर्यंत जेवढें अंतर आहे जवळजवळ तेवढाच! १९७४ मध्यें रसेल हल्स व जोसेफ टेलर यांना अशा दोन ताऱ्यांची जोडी आढळली. पुढील वर्षांच्या मोजमापांवरून असें ठरलें कीं, ही जोडी गुरुत्वलहरींच्या रूपानें आपली शक्ति गमावीत हळूहळू जवळ येत आहे. म्हणजे अशा जोडीचे तारे केव्हां तरी एकमेकांवर आदळणार, हें गणितानें निश्चित झालें.

या कथेचा दुसरा धागा अगदींच निराळ्या जागीं सुरू होतो. अणुस्फोटबंदीच्या करारावर नजर ठेवण्यासाठीं अमेरिकेनें जे ‘वेला’ नांवाचे उपग्रह सोडले होते, त्यांना १९६७ पासून आकाशांतून गॅमा किरणांचे क्षणिक लोट येतांना दिसले. ही गोष्ट १९७३ मध्यें प्रसिद्ध झाली. हे लोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरींतून निघत असावेत, असा तर्क आइखलर, लिव्हिओ, पिरान व श्राम या चौघांनीं १९८९ मध्यें मांडला; पुढें तो दोन सेकंदांच्या आंत संपणाऱ्या आंखूड लोटांपुरताच उरला. तर्क आकर्षक होता, पण पुरावा नव्हता. लोट येऊन जात आणि मागें कांहींच सांपडत नसे. २८ फेब्रुवारी १९९७ रोजीं आलेल्या एका लोटाच्या जागीं बेप्पोसॅक्स या उपग्रहाला प्रथमच मंद होत जाणारें क्ष-किरणांचें तेज दिसलें. हीच पश्चदीप्ति. आंखूड लोटांची पश्चदीप्ति दिसावयास २००५ साल उजाडावें लागलें.

पश्चदीप्ति उत्पन्न कशी होते? स्फोटांतून निघालेला पदार्थाचा झोत प्रकाशाच्या जवळजवळ वेगानें धांवत सुटतो आणि भोंवतालच्या विरळ वायूवर आपटतो. त्या आघातांत इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग मिळतो, ते चुंबकीय क्षेत्रांत गिरक्या घेऊं लागतात, आणि क्ष-किरणांपासून रेडिओ लहरींपर्यंत सर्व तऱ्हेचा प्रकाश बाहेर टाकतात. पुराचा लोंढा वाळवंटांत शिरून जिरत जावा तसा झोत मंदावत जातो आणि दीप्ति मावळते. म्हणूनच तिच्या मावळण्याची गति ही त्या झोताची जणूं जन्मपत्रिका असते: तो किती अरुंद होता, किती शक्ति घेऊन निघाला, आपल्या रोखानें येत होता कीं बाजूनें जात होता, हें सारें त्या एका रेषेंतून वाचतां येतें.

आतां मुख्य घटनेकडे वळतां येईल. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं, भारतीय वेळेप्रमाणें सायंकाळीं सहा वाजून अकरा मिनिटांनीं, अमेरिकेंतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील लायगो यंत्रांत गुरुत्वलहरींचा सुमारें शंभर सेकंदांचा एक सूर पुरा झाला. तो चढत चढत गेला आणि एकदम थांबला. त्यानंतर १.७ सेकंदांनीं फर्मी उपग्रहास गॅमा किरणांचा आंखूड लोट दिसला. असले सूर यंत्रांच्या गोंगाटांतून निवडून काढण्याचें जें गणित आहे, त्याच्या पायाभरणींत पुण्याच्या आयुका संस्थेंतील संजीव धुरंधर यांचा १९९१ पासूनचा वाटा आहे, हें येथें नमूद करणें उचित होईल. इटलींत पिसा शहराजवळचें व्हर्गो यंत्र त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस या कामांत सामील झालें होतें. त्याला हा सूर जवळजवळ ऐकूंच आला नाहीं. पण हें न ऐकणेंच उपयोगी पडलें. प्रत्येक यंत्र आकाशाच्या कांहीं दिशांना बहिरें असतें. तेव्हां घटना त्या दिशांपैकींच एकीकडे झाली असली पाहिजे, असा हिशेब करून शोधाचें क्षेत्र पूर्ण चंद्रबिंबाच्या सुमारें दीडशेंपट एवढ्यावर आणतां आलें. मराठवाड्यांत औंढा नागनाथाजवळ असेंच एक यंत्र उभारण्यास भारत सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली. पृथ्वीवर दूरदूरच्या जागीं अशीं यंत्रें असलीं म्हणजे दिशा किती नेमकी ठरते, हें व्हर्गोनें आपल्या मौनानेंच दाखवून दिलें होतें.

सुमारें अकरा तासांनीं चिली देशांतील लास कँपानास वेधशाळेच्या एक मीटर व्यासाच्या स्वोप दुर्बिणीनें एन्. जी. सी. ४९९३ या दीर्घिकेच्या बाजूस एक नवा ठिपका टिपला. ही दीर्घिका विल्यम हर्षलनें १७८९ मध्येंच नोंदून ठेवली होती. वासुकी तारकासमूहांत, चित्रा ताऱ्याच्या दक्षिणेस ती आहे. अंतर सुमारें तेरा कोटि प्रकाशवर्षें. तो ठिपका आरंभीं निळसर होता, दोन-तीन दिवसांत तांबूस झाला, आणि पंधरवड्याच्या आंत दिसेनासा होत गेला. टकरींत उधळलेल्या द्रव्यांत सोन्यासारखे जड धातु तयार झाले व त्यांच्या किरणोत्सर्गाच्या उष्णतेनें तें द्रव्य कांहीं दिवस तापून उजळलें, असा त्याचा अर्थ. १६ ऑक्टोबर २०१७ रोजीं हें सारें जाहीर झालें, सुमारें सत्तर वेधशाळांनीं त्यांत भाग घेतला होता, आणि वृत्तपत्रांतून सोन्याचीच चर्चा अधिक झाली. परंतु हा ठिपका म्हणजे पश्चदीप्ति नव्हे, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. तो उधळलेल्या राखेचा स्वतःचा प्रकाश होता; झोताची खूण अद्याप दिसावयाची होती.

आणि झोत होता कीं नव्हता, हाच तर वादाचा प्रश्न होता! आलेला गॅमा लोट इतका दुबळा होता कीं, नेहमींच्या आंखूड लोटांपुढें तो शेंकडों ते लाखों पटींनीं कमी भरला. इतक्या जवळचा लोट डोळे दिपवणारा असावयास हवा होता. याची दोन स्पष्टीकरणें पुढें आलीं. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, झोत नेहमींसारखाच बलवान् होता, पण त्याचा रोख पृथ्वीकडे नव्हता. आपल्याकडे आली ती केवळ त्याच्या कडेची झळ. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, टकरींत आधींच उधळलेल्या द्रव्यांत तो झोत गुदमरून मेला, त्याची शक्ति भोंवतालच्या द्रव्यास मिळाली, आणि एक फुगत जाणारा ऐसपैस कोश तेवढा बाहेर पडला. पहिलें खरें असेल तर १९८९ चा तर्क सिद्ध झाला असें म्हणतां येईल. दुसरें खरें असेल तर टकरींतून नेहमींचे गॅमा लोट निघतात याचा पुरावा अजून हातीं आलाच नाहीं, असें मानावें लागेल. अठ्ठावीस वर्षांच्या एका सिद्धांताचें भवितव्य असें एका न दिसणाऱ्या तेजावर लोंबकळत होतें.

दोन दिवसांनीं चंद्र या क्ष-किरण दुर्बिणीनें — हिला सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचें नांव दिलेलें आहे — त्या जागीं पाहिलें, कांहींच नव्हतें. नवव्या दिवशीं एलिओनोरा ट्रोया यांच्या संघास तेथें अगदीं क्षीण क्ष-किरण मिळाले. सोळाव्या दिवशीं, २ सप्टेंबरला, न्यू मेक्सिकोंतील व्हेरी लार्ज अ‍ॅरे या रेडिओ दुर्बिणीस पहिल्या रेडिओ लहरी लागल्या. नेहमींची पश्चदीप्ति आरंभीं तेजस्वी असते आणि लागलीच उतरूं लागते; येथें उलट होतें. आरंभीं अंधार, आणि मग हळूहळू वाढणारें तेज.

नेमक्या याच वेळीं सूर्य आड आला. सप्टेंबर-ऑक्टोबरांत सूर्य हस्त व चित्रा या नक्षत्रांतून जातो, आणि ती दीर्घिका त्याच बाजूस असल्यामुळें प्रकाशाच्या व क्ष-किरणांच्या दुर्बिणींना डिसेंबरपर्यंत तेथें पाहतां येईना. महाराष्ट्रांत हत्तीचा पाऊस पडतो आणि अंगणांत हादगा मांडतात ते हे दिवस. रेडिओ दुर्बिणींना मात्र दिवसाउजेडाची तितकीशी अडचण नसते, आणि म्हणून ते तीन महिने पहारा त्यांच्याकडेच राहिला. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी मोठी रेडिओ दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभी राहिली, ती या पहाऱ्यांत होती. तिरुवनंतपुरम् येथील अंतराळविज्ञान संस्थेंतील एल. रेस्मी व त्यांचे सहकारी यांनीं तिच्या साहाय्यानें सातव्या दिवसापासून एकशें बावन्नाव्या दिवसापर्यंत ६१० व १३९० मेगाहर्ट्झ या कंपनसंख्यांवर त्या जागेचा वेध घेतला. आरंभीं त्यांच्या पदरीं कांहींच पडलें नाहीं. सुमारें साठ दिवसांनीं तेथें तेज वर येऊं लागलें. लांब तरंगांवर तें कसें व केव्हां दिसतें, यावर सर्व प्रतिमानांची कसोटी लागत असल्यामुळें खोडदच्या या नोंदींना मोल आहे. त्या आधींच्या साठ दिवसांतील ‘कांहीं नाहीं’ या नोंदींनाहि आहे.

डिसेंबर २०१७ मध्यें सूर्य बाजूस झाला. चंद्र दुर्बिणीस क्ष-किरण वाढलेले आढळले, आणि हबल दुर्बिणीस त्या जागीं सुमारें २६ व्या प्रतीचा एक बिंदु दिसला. नुसत्या डोळ्यांस दिसणाऱ्या अंधुकांत अंधुक ताऱ्याहून तो सुमारें दहा कोटि पटींनीं मंद होता. रेडिओ, दृश्य प्रकाश आणि क्ष-किरण यांच्या कंपनसंख्यांत कोट्यवधि पटींचें अंतर आहे. तरी आलेखावर मांडतां तिन्हींचीं मोजमापें एकाच सरळ रेषेवर बसलीं. तेव्हां हें तेज एकाच आघाताचें आहे, ही गोष्ट निर्विवाद ठरली. पण तो आघात झोताचा कीं कोशाचा? त्याच महिन्यांत कुणाल मुळे व त्यांचे सहकारी यांनीं शंभर दिवसांच्या रेडिओ नोंदींवरून असा निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, बाजूनें पाहिलेल्या साध्या अरुंद झोतांतून अशी संथ वाढ निघत नाहीं; ऐसपैस पसरलेला कोशच येथें अधिक जुळतो. खोडद, न्यू मेक्सिको व ऑस्ट्रेलिया येथील नोंदी या कामीं आल्या होत्या. त्या वेळच्या पुराव्यावर हा निष्कर्ष रास्तच होता. चढत्या तेजाला दोन्ही पक्षांच्या सुधारलेल्या प्रतिमानांत जागा होती. मध्यें कडक व कडेला निवत गेलेला असा झोत मानला म्हणजे तीच वाढ तोहि पक्ष दाखवूं शकत होता. चढण दोघांची सारखीच, फरक होता तो उतरणींत.

कारण असें. प्रकाशाच्या जवळपास वेगानें धांवणाऱ्या वस्तूचा प्रकाश आगगाडीच्या दिव्याप्रमाणें पुढच्या बाजूस एकवटलेला असतो. बाजूस उभा असलेल्यास तो दिसत नाहीं. वेग कमी होईल तसा तो पसरतो, आणि झोताचा अधिकाधिक तेजस्वी भाग त्याच्या दृष्टीच्या टप्प्यांत येतो. शेवटीं झोताचा गाभाच दिसूं लागला म्हणजे नवीन दिसण्यासारखें कांहीं उरत नाहीं, आणि तेज झपाट्यानें उतरतें. कोशाचें तसें नाहीं. तो सर्वत्र पसरलेला असल्यामुळें त्याची उतरण संथ असते. तेव्हां आतां दीप्ति मावळावयास लागण्याची वाट पाहणें एवढेंच काम होतें.

मीलनानंतर सुमारें पांच महिन्यांनीं, म्हणजे २०१८ च्या जानेवारीच्या सुमारास, तेज शिगेस पोंचलें. पुढील महिन्यांत रेडिओ लहरी प्रथम उतरतांना दिसल्या, मागोमाग क्ष-किरणहि. उतार जवळजवळ काळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत निघाला: काळ दुप्पट झाला कीं तेज चौथाईवर. कोशाला हा उतार परवडणारा नव्हता.

दरम्यान दुसरा एक प्रयोग चालू होता, आणि या सर्व इतिहासांत तो सर्वांत धाडसाचा म्हटला पाहिजे. मावळत चाललेला तो बिंदु आकाशांत जागचा हलतो काय, हें पाहावयाचें होतें. हवाई बेटांपासून व्हर्जिन बेटांपर्यंत पसरलेल्या दहा तबकड्या, त्यांच्या जोडीस व्हेरी लार्ज अ‍ॅरे आणि ग्रीन बँकची प्रचंड तबकडी, अशी मिळून जणूं एकच दुर्बीण करण्यांत आली. मीलनानंतर ७५ व्या दिवसाच्या सुमारास एकदां आणि २३० व्या दिवसाच्या सुमारास पुन्हां बिंदूची जागा मोजली. ती २.७ मिलि-विकलांनीं सरकलेली होती. एवढा कोन म्हणजे पुण्यांतून पाहतां दिल्लींतील एखादी वस्तु सुमारें दीड सेंटिमीटर बाजूस सरावी तेवढा. तेरा कोटि प्रकाशवर्षांवर हेंच सरकणें भरतें सुमारें १.७ प्रकाशवर्ष, आणि मधला काळ तर एकशें पंचावन्न दिवसांचा. हिशेब केला तर वेग येतो प्रकाशाच्या चौपट!

श्रोत्यांस येथें शंका येईल कीं, प्रकाशाहून जलद कांहींच जात नाहीं हा नियम मोडला काय? तसें नाहीं. समजा, एक प्रवासी दूरच्या गांवाहून निघाला आणि जवळजवळ टपालवाल्याच्याच वेगानें आपल्या घराच्या रोखानें, पण किंचित् तिरपा, चालूं लागला. निघतांना त्यानें एक पत्र टाकलें, आणि दहाव्या दिवशीं वाटेंतून दुसरें. तोंपर्यंत तो स्वतःच इतका जवळ आलेला असतो कीं, दुसरें पत्र पहिल्याच्या मागून एकाच दिवसानें हातीं पडतें. केवळ पत्रांच्या तारखांकडे न पाहतां, तीं पोंचलीं केव्हां एवढेंच जो पाहील, त्याला दहा दिवसांतील बाजूचें सरकणें एका दिवसांत झालेलें वाटेल. असा भास होऊं शकेल हें मार्टिन रीस यांनीं १९६६ मध्येंच सांगून ठेवलें होतें. आणि भास होण्यास दोन अटी आहेत: वस्तु प्रकाशाच्या अगदीं निकटच्या वेगानें धांवत असली पाहिजे, आणि ती बरीचशी आपल्या दिशेनें येत असली पाहिजे. फुगत्या कोशाकडून या दोन्ही अटी पुऱ्या होत नाहींत. ५ सप्टेंबर २०१८ रोजीं हें मोजमाप प्रसिद्ध झालें, तेव्हां पूर्वीं कोशाचा कौल देणाऱ्या मुळे यांचेंच नांव लेखाच्या अग्रभागीं होतें. झोत सुटला होता. त्याची रुंदी पांच अंशांहून कमी आणि त्याचा रोख आपल्यापासून सुमारें वीस अंश बाजूस. याच दीप्तीचा २०७ व्या दिवशीं पांच खंडांवरील तीसांहून अधिक रेडिओ दुर्बिणींनीं घेतलेला वेध जियानकार्लो घिरलांडा यांच्या संघानें २०१९ मध्यें प्रसिद्ध केला. कोश असता तर जेवढा मोठा दिसावयास हवा होता त्याहून तो बिंदु पुष्कळच लहान भरला.

दुसरें मोजमाप आणखी वर्षभर लांबलें असतें, तर दीप्ति इतकी उतरली असती कीं जागा मोजणें शक्यच झालें नसतें. पुढें असा योग लवकर आलाहि नाहीं. २५ एप्रिल २०१९ रोजीं न्यूट्रॉन ताऱ्यांच्या दुसऱ्या एका मीलनाच्या लहरी सांपडल्या, पण ती घटना कितीतरी अधिक दूर होती, दिशा अस्पष्ट होती, आणि तिचा प्रकाश कोणासहि सांपडला नाहीं.

यानंतरची हकीकत म्हणजे उतरणीची नोंदवही. दीप्तीच्या आलेखांवरून असेंहि निघालें कीं, ती ज्या वायूंत पेटली होती तो विलक्षण विरळ होता: शंभर घन सेंटिमीटरांत एखादाच परमाणु, किंवा त्याहूनहि कमी. झोताचा रोख कळल्यामुळें गुरुत्वलहरींवरून काढलेलें अंतर अधिक नेमकें झालें, आणि विश्वाच्या प्रसरणाचा वेग ठरविण्यास एक स्वतंत्र साधन मिळालें. २०२१ मध्यें स्फेसिहले मखाथिनी व सहकाऱ्यांनीं निरनिराळ्या वेधशाळांच्या सर्व नोंदी नव्यानें व एकाच पद्धतीनें तपासून एकत्र प्रसिद्ध केल्या. २०२२ मध्यें मुळे व त्यांचे दोन सहकारी यांनीं हबलचीं जुनीं छायाचित्रें पुन्हां काढलीं, पहिल्या पंधरवड्यांतील त्या ठिपक्याची जागा नेमकी ठरविली, आणि तेथून रेडिओ बिंदूपर्यंतचें अंतर मोजलें. आरंभींच्या काळांतील भासमान वेग प्रकाशाच्या सुमारें सातपट निघाला.

एक हजार दिवस उलटल्यावरहि चंद्र दुर्बिणीस त्या जागेहून क्ष-किरण येत होते. साडेतीन वर्षांच्या सुमारास ते अपेक्षेहून अधिक आहेत असें अप्राजिता हाजेला यांच्या संघास आढळलें. पहिल्या दिवशीं उधळलेली ती मंदगति राख आतां कोठें भोंवतालच्या वायूस भिडूं लागली असेल काय? कीं मीलनांतून जन्मलेल्या कृष्णविवरांत अजून द्रव्य पडत आहे? ट्रोया यांच्या संघानें त्याच नोंदींचें पुन्हां गणित करून ही वाढ तितकीशी पक्की नसल्याचें दाखविलें. हातीं आलेले किरणकण इतके मोजके होते कीं, मापनाच्या पद्धतींतील लहानशा फरकानेंहि निष्कर्ष हलत होता. राख वायूस भिडली असती तर रेडिओ लहरींतहि कालांतरानें वाढ दिसावयास हवी होती. व्हेरी लार्ज अ‍ॅरेनें साडेतीन वर्षांनीं आणि पुन्हां साडेचार वर्षांनीं दीर्घ वेध घेतले. तशी वाढ तेथें आढळली नाहीं.